गोव्यात मुलांना घेऊन कुठे राहायचं? आधी दुपारी दीडला शाळेच्या गेटपाशी उभे राहून बघा

गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळी पावणेआठ-आठला भरतात आणि दुपारी दीडच्या आसपास सुटतात. ही एवढी एक गोष्ट डोक्यात नीट बसली ना, की इथे मुलांना घेऊन राहायला कुठे जायचं हा अख्खा प्रश्नच वेगळा दिसायला लागतो. आई-बाबा दोघं कामाला असतील तर ते घरी येणार सहा-साडेसहाला आणि पोर सुटणार दीडला, म्हणजे मधले चार-पाच तास ते पोर तुमच्या घराच्या आजूबाजूला जे काही आहे, जे कोणी आहे, त्यांच्या हवाली असतं. आणि दीड ते चार ही वेळ गोव्यात कशी असते ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको, दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, जेवून सगळे आडवे झालेले. अशा वेळी शाळेच्या गेटपासून घराच्या दारापर्यंत मूल कसं येतं, वाटेत त्याला कोण ओळखतं आणि घरी पोचल्यावर हाकेच्या अंतरावर कोण जागं असतं, एवढं बघितलं की शाळा, रस्ता आणि शेजार हे तिन्ही विषय त्यात आले.

आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, गोव्यात येऊन १४ वर्षं झाली, नवरा वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आणि मी फोंड्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. पहिलं घर निवडताना आम्ही जी चूक केली ती माझ्या लेकीने दोन वर्षं भोगली, म्हणून आता कोणी विचारलं की मी जरा जास्तच सविस्तर सांगते. सध्या मावसबहीण विचारतेय, तिच्या मिस्टरांची बदली झालीये, मुलगा पहिलीत जाणार, आणि तिचा पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच, "ताई, पर्वरी चांगलं का गं?"

आता या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण पर्वरी म्हणून एक काही नाहीच. मुंबईत पार्ले म्हटलं की एक चित्र डोळ्यासमोर येतं तसं उपनगर गोव्यात नसतं. पणजीच्या नदीपलीकडच्या पर्वरीला विधानसभा आहे, मॉल आहे, टॉवर आहेत, पण नगरपालिका नाही, तो भाग सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर दु मुंद अशा पंचायतींत वाटला गेलाय, आणि मधून ६६ नंबरचा नॅशनल हायवे जातो. हायवेच्या या बाजूला एका गल्लीत शाळा, वाणी, क्लिनिक सगळं पायाखाली, आणि त्याच पर्वरीत दीड किलोमीटरवर असा कॉम्प्लेक्स की दूध आणायलाही गाडी काढावी लागते. वर २०२४ पासून तिथे सुमारे ५ किलोमीटरच्या सहापदरी फ्लायओव्हरचं काम सुरू झालं, त्यामुळे जुन्या माणसांनी सांगितलेल्या वाटासुद्धा बदलल्या. मडगावचं, म्हापशाचं, फोंड्याचं तेच. म्हणून गावाचं नाव विसरा, वाडा बघा, वाडा म्हणजे इथे गावातली एक छोटी वस्ती. गोव्यातलं गाव वाड्यावाड्यांचं बनलेलं असतं, आणि तुमचं रोजचं जगणं घरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत जे बसतं तेवढंच असतं.

शाळेपासून सुरुवात करूया. घर आधी आणि शाळा नंतर असं बहुतेक जण करतात, आम्हीही तेच केलं, पण मुलं लहान असतील तर उलटं करायला पाहिजे, शाळा ठरवायची आणि तिच्या गेटपासून उलट चालत घर शोधायचं.

बाहेरून येणाऱ्यांना गोव्यातल्या शाळांची बांधणी आधी समजून घ्यावी लागते. इथे प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी, हायस्कूल पाचवी ते दहावी, आणि अकरावी-बारावीची हायर सेकंडरी, ती पुष्कळदा वेगळ्या ठिकाणी. म्हणजे एका मुलाच्या बारा वर्षांत दोन वेळा शाळा बदलण्याची शक्यता, आणि तुम्ही पहिलीसाठी जे घर घेता ते पाचवीलाही चालणार आहे का हे आत्ताच बघायचं. दुसरं माध्यम. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या असतात, खासगी संस्थांच्याही मराठी प्राथमिक शाळा आहेत, पण पाचवीपासून बहुतेक सगळीकडे इंग्रजी. याच्यामागे मोठा इतिहास आहे, १९९० साली सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान द्यायचं ते मराठी-कोंकणीसारख्या प्रादेशिक भाषांतल्या शाळांनाच, मग २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान द्यायचा निर्णय झाला आणि त्यावरून गोव्यात केवढं आंदोलन पेटलं ते अजून लोकांच्या लक्षात आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही, पण माझं मत स्पष्ट सांगते, चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल पाचवीत गांगरतं ते पहिले चार-सहा महिने, नंतर नाही. फक्त ती उडी सोपी करणारं हायस्कूल पाहिजे. म्हणून हायस्कूलला जाऊन सरळ विचारायचं की मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी पाचवीत तुम्ही काय करता. ज्या शाळेने "काही प्रॉब्लेम येत नाही" एवढंच सांगितलं तिथून मी परत आले, आणि जिथल्या बाईंनी सांगितलं की पहिलं टर्म आम्ही सायन्स आणि मॅथ्स दोन्ही भाषांत समजावतो, धड्यातले शब्द वहीच्या मागच्या पानावर मराठीत लिहून घेतो, तिथे आम्ही फॉर्म भरला. आणि हेही विचारा की हायस्कूलला मराठी विषय म्हणून घेता येतो का, काही ठिकाणी फक्त कोंकणी किंवा हिंदीचा पर्याय असतो आणि हे ॲडमिशन झाल्यावर कळलं की वाईट वाटतं.

निकालाचे बोर्ड बघून फार काही कळत नाही. गोवा बोर्डाचा दहावीचा एकूण निकालच हल्ली ९० टक्क्यांच्या वर असतो, २०२५ मध्ये तो ९५.३५ टक्के होता, मग गेटवर १०० टक्क्यांचा फ्लेक्स लावलेल्या दोन शाळांत फरक कसा करणार? त्यापेक्षा शाळांची माहिती देणाऱ्या यूडायस प्लस या सरकारी साइटवर जा, देशातल्या प्रत्येक शाळेला ११ आकडी नंबर असतो, त्यावर मुलं किती, शिक्षक किती, वर्ग किती, टॉयलेट किती हे सगळं दिसतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक पाहिजेत आणि पुढे साधारण ३० मुलांमागे एक. गोव्यात लहान गावांतल्या काही शाळांत पट इतका कमी झालाय की एकच बाई चारही वर्ग सांभाळतात. अशी शाळा वाईटच असं मी म्हणणार नाही, काही बाई एकट्या असून सोनं करतात, पण त्या रजेवर गेल्या की काय होतं हे विचारायलाच हवं.

आणि मग गेट. कुठल्याही शाळेच्या गेटपाशी सुटायच्या वेळी वीस मिनिटं उभे राहा, एवढी माहिती तुम्हाला कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. मुलं कशी घरी जातात बघा. घोळक्याने बडबडत चालत जाणारी मुलं दिसली, पाचवी-सहावीची पोरं सायकलवर दिसली, एखादी आजी नातवाबरोबर शेजारच्या दोघांनाही घेऊन जाताना दिसली, तर त्या वस्तीचे रस्ते चालायला बरे आहेत आणि माणसं एकमेकांची मुलं सांभाळतात हे तिथल्या तिथे कळलं. सगळ्या गाड्याच गाड्या, हॉर्न, प्रत्येक मुलाला दाराशी उचलून नेणारे पालक दिसले तर तेही कळलं. बालरथ किती मुलं भरून जातो तेही बघा. बालरथ म्हणजे अनुदानित शाळांना सरकारी योजनेतून मिळालेल्या बसेस, ज्यांना लांब राहायलाच लागतं त्यांच्यासाठी फार मोठा आधार आहे तो, पण बसचा रूट तुमच्या वाड्यावरून जातो का आणि मूल किती वेळ बसमध्ये असतं हे ड्रायव्हरला विचारा, शाळेच्या ऑफिसात नको, ड्रायव्हर खरं सांगतो.

आता चालणं. यावर मला जास्त बोलायचंय, कारण आमची चूक इथेच झाली.

पहिला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसाने सांगितलं होतं की शाळा पाच मिनिटांवर आहे. नकाशावर मोजलं तर ६५० मीटर. आम्ही खूश. मार्चमध्ये फ्लॅट बघितला, कोरडा रस्ता, गाडीत बसून गेलो-आलो. जूनमध्ये पहिल्या दिवशी लेकीला हाताला धरून चालत निघाले तेव्हा कळलं की त्या ६५० मीटरमध्ये एक हायवे ओलांडायचा आहे, पुढे दीडशे मीटर एका बाजूला चिऱ्यांची कंपाऊंडची भिंत अगदी डांबराला चिकटून आणि दुसऱ्या बाजूला उघडं गटार. जुलैत एक दिवस असा आला की गटाराचं पाणी रस्त्यावर, कुठे रस्ता संपतो आणि कुठे गटार सुरू होतं काही दिसेना, समोरून बस आली, आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो आणि बसच्या चाकाने उडवलेलं लाल पाणी तिच्या युनिफॉर्मवर, दप्तरावर, तोंडावर. ती रडली नाही. माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली, आणि नुसतं म्हणाली, "आई, उद्यापासून गाडीनेच जाऊया ना." दुसऱ्या दिवसापासून व्हॅन लावली. त्यानंतर दोन वर्षं ते पोर रस्त्यावर चाललंच नाही. आठ वर्षांची झाली तरी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडता येत नव्हता तिला, कारण ओलांडायची वेळच आली नव्हती.

म्हणून अंतर मोजायचं ते मुलाच्या पावलांनी. मोठं माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतं, म्हणजे दहा मिनिटांत ७००-८०० मीटर. पाठीला दप्तर लावलेलं सहा वर्षांचं मूल त्यापेक्षा बरंच हळू जातं, शिवाय वाटेत गोगलगाय दिसली की थांबतं. शिक्षण हक्काच्या केंद्राच्या मॉडेल नियमांत पहिली ते पाचवीसाठी चालत १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असं धरलंय. गोव्याच्या पावसात आणि गोव्याच्या रस्त्यांवर पहिलीच्या मुलाला मला विचाराल तर ५००-६०० मीटर पुरे.

फूटपाथचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीय, म्हणजे दोन माणसं समोरासमोरून धक्का न लागता जातील इतकी. गोव्यात पणजी-मडगावच्या काही भागांत सोडलं तर हे मिळणार नाही, गावात तर फूटपाथ नसतोच. पण फूटपाथ नाही म्हणजे चालता येत नाही असं नाही. आमच्या आताच्या वाड्यावर फूटपाथ नाही आणि तरी सगळे चालतात, कारण रस्ता अरुंद आणि वळणाचा, गाड्यांना वेगच घेता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना घरांच्या पायऱ्या रस्त्यालाच लागून. याउलट एखादा नवा हॉटमिक्स केलेला रुंद सरळ रस्ता दिसायला छान, पण त्यावर गाड्या सुसाट. तेव्हा बघायचं ते हे की गाडीवाल्याला लहान मूल किती लांबून दिसतं आणि मुलाला बाजूला व्हायला जागा आहे का. वळणावर भिंत असेल तर तिथे स्वतः गुडघ्यावर बसून बघा, मुलाच्या उंचीवरून समोरची गाडी दिसते का. मी बसले होते, लोक बघत होते, बघू देत.

हे सगळं कोरड्या दिवसांत बघून भागत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे शाळेच्या ऐन दिवसांत. पावसात घर बघायला जाणं कोणाला जमत नसेल तर निदान भिंतींच्या पायथ्याशी बघा, लाल चिखलाची रेघ किती उंचीवर आहे, पाणी कुठवर चढतं ते तिथे लिहिलेलं असतं. आणि रात्री एक चक्कर मारा, दिवे पेटतात का, भटकी कुत्री कुठे बसतात, कारण पाचवीनंतर मुलं ट्यूशनला, तबल्याच्या क्लासला संध्याकाळी एकटी जाणार असतात.

मूल मोठं झालं की चालण्याचा अर्थ बदलतो, तेव्हा बसस्टॉप किती जवळ हे महत्त्वाचं. अकरावीला पुष्कळ मुलांना पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा असं कुठेतरी जावं लागतं. पणजीतल्या काही संस्थांच्या हायर सेकंडरी तर बांबोळीजवळ कुजिऱ्याच्या शैक्षणिक संकुलात आहेत, त्यामुळे पणजीत राहूनही मूल पणजीत चालत जाईलच असं नाही. कदंबच्या, म्हणजे सरकारी, बसेस आहेत, खासगी बसेस आहेत, पण संध्याकाळी सात-आठनंतर पुष्कळ रूटवर बस विरळ होते आणि रविवारी विचारूच नका, तेव्हा शेवटची बस किती वाजता हे घर घेण्याआधी कंडक्टरला विचारा. बेती किंवा चोडणसारख्या ठिकाणी फेरीबोट आहे, आणि तिथली मुलं लहानपणापासून एकटी फेरीने पणजीच्या बाजूला येतात-जातात, ती फार धीट होतात हे मी बघितलंय. पण मग घराचं सगळं वेळापत्रक फेरीच्या वेळेवर चालतं, त्याची तयारी हवी.

आता शेजार. याला काही मोजमाप नाही असं लोक म्हणतात, पण गोव्यात एक अगदी सोपं माप आहे. रात्री आठ वाजता त्या बिल्डिंगसमोर उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. आसगाव, शिवोली, कांदोळीच्या पट्ट्यात, आणि आता पर्वरीच्या आसपासही, कितीतरी फ्लॅट मुंबई-दिल्लीवाल्यांची सेकंड होम आहेत किंवा टूरिस्टना दिवसाच्या भाड्याने दिलेले. चाळीस फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये सहा दिवे. आमच्या पहिल्या बिल्डिंगमध्ये आमच्या मजल्यावर चारपैकी तीन दारं वर्षातले दहा महिने बंद असायची. तिथे भांडण नव्हतं, त्रास नव्हता, कोणी काही बोलत नव्हतं, आणि लेकीला दुपारी ताप भरला तेव्हा माझा फोन वाजवायला सुद्धा व्हॅनवाल्याशिवाय कोणी नव्हतं. दिव्यांबरोबर बाल्कन्याही बघा, वाळत घातलेले शाळेचे युनिफॉर्म, जिन्याखाली छोट्या सायकली, दारापुढे लहान-मोठ्या चपला.

नंतर आम्ही फोंड्याजवळच्या एका वाड्यावर आलो, खाली घरमालक आणि वर आम्ही. नवऱ्याला बोरीच्या पुलावरून वेर्णा गाठावं लागतं, त्याचा अर्धा तास वाढला, हे त्याने लेकीसाठी मान्य केलं. तिथे आल्यावर तीन महिन्यांनी, एका संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, पोंपों हॉर्न ऐकू आला आणि मी भात टाकत होते म्हणून लेकीला म्हटलं, जा, चार पाव घेऊन ये. पहिल्यांदाच एकटी. मी वरून खिडकीतून बघत होते, छाती धडधडत होती. पोदेर वळणावर पुढे गेला होता, ती त्याच्यामागे पळाली, आणि तिसऱ्या घराच्या सोप्यावर बसलेल्या आजीने हाक मारली, "कोणाची गो तूं? आवय खंय?" म्हणजे आई कुठेय. लेक थांबली, घराकडे बोट दाखवलं, काहीतरी बोलली. आजीने मोठ्याने ओरडून पोदेराला थांबवलं. परत येताना ती त्या सोप्यावर पाच मिनिटं बसून आली, पिशवीत पाव तीनच होते, एक आजीबरोबर खाऊन झाला होता. त्या दिवसापासून शाळेतून येताना ती त्या सोप्यावर हजेरी लावून येते, आणि ती दिसली नाही तर आजी मला फोन करतात. शेजार म्हणजे मला तरी हेच, की माझं मूल वेळेवर आलं नाही हे माझ्याशिवाय आणखी कोणाच्या तरी लक्षात येतं.

हां, याची दुसरी बाजूही आहे. जिथे मूल सगळ्यांना माहीत, तिथे तुमच्या घरात कोण आलं-गेलं तेही सगळ्यांना माहीत. पहिलं वर्षभर आम्ही भायलेच, म्हणजे बाहेरचेच, होतो. सावंतवाडीची मालवणी आणि इथली कोंकणी जवळची म्हणून आम्हाला सोपं गेलं, पुण्या-नागपूरच्या माणसाला भाषा कानाला बसायला वेळ लागेल, पण मराठी बहुतेकांना कळते, तेव्हा बोलायचं थांबू नका. माणसांत शिरायची वाट इथे देवळातून, भजनातून आणि नाटकातून जाते. जत्रेला गावातली माणसं स्वतः मराठी नाटक बसवतात, दिवसा बँकेत काम करणारा रात्री संभाजी असतो, आणि पडदे ओढायला, चहा करायला, प्रॉम्प्टिंगला माणसं नेहमीच कमी असतात. नवऱ्याने दुसऱ्या वर्षी प्रॉम्प्टिंग केलं, त्यानंतर आम्हाला कोणी भायले म्हटलं नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-वेलींच्या सजावटीचं, सामान गोळा करताना शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर आपलंही मूल रानात जातं, कुठलं फळ, कुठला वेल, ते शिकतं. ख्रिश्चन वस्ती असेल तर फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव, सांजांव हा पावसाळ्यातला सण, फुटबॉलचं मैदान, तिथेही असंच, मदतीला उभे राहा की दारं उघडतात.

वस्ती जागी आहे का हे बघायला पंचायतीच्या नोटीस बोर्डासमोर उभे राहा. गोव्याच्या १९९४ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये रविवारी ग्रामसभा असते, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरला, म्हणजे गोवा मुक्तिदिनाला, खास ग्रामसभा. मागच्या ग्रामसभेत लोक कशावर भांडले ते चहाच्या गाड्यावर विचारा. शाळेसमोर स्पीडब्रेकर, कचऱ्याची गाडी, पाण्याचा नळ यावर भांडत असतील तर गाव जिवंत आहे. कोणी गेलंच नाही असं ऐकलंत तर जरा विचार करा.

समोरच्या मोकळ्या शेताला भुलू नका, हेही सांगायला हवं. ते शेत उद्या शेतच राहील का हे रिजनल प्लॅन २०२१ या राज्याच्या जमीन-वापराच्या आराखड्यात त्या सर्व्हे नंबरचा झोन कुठला दाखवलाय ते बघून थोडंफार कळतं, पण नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९ए ही झोन बदलायला वाट देणारी कलमं आली आणि त्यावरून गावोगाव लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. मोठा प्रोजेक्ट आला की त्याच अरुंद रस्त्यावरून डंपर जायला लागतात आणि चालण्याची वाट पहिल्यांदा जाते. ज्या गावातले लोक अशा वेळी एकत्र येतात तिथे राहायला मला आवडेल.

गावांबद्दल विचारलंत तर थोडक्यात सांगते. पणजीत मळा, भाटले, सांतिनेज, फोन्तेन्हास या जुन्या वाड्यांत पायी जगता येतं, वाचनालय, देऊळ, बाजार, सगळं, पण भाडं झेपायला हवं आणि जुन्या घरांत गाडी लावायला जागा नाही. म्हापसा चालत राहायला चांगलं, फक्त शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी शाळेची वाट कशी असते ते त्याच दिवशी जाऊन बघा. मडगावात १९११ सालचं गोमंत विद्या निकेतन आहे, कार्तिकातली दिंडी आहे, मराठी घराला तिथे एकटं वाटणार नाही, आणि बोर्डा, आके या भागात शाळा हाताशी. वास्कोत दामोदर सप्ताहाला अख्खं शहर भजनात रंगतं, माणसं प्रेमळ, पण बंदराच्या कोळशाच्या धुळीची तक्रार जुनी आहे, मुलाला दम्याचा त्रास असेल तर तिथे घर घेताना विचार करा. फोंडा मला आवडतं हे उघड आहे, मुख्य रस्त्यावर ट्रॅफिक फार, पण आत खडपाबांध, कवळे, बांदोडे असं गेलं की दोन मिनिटांत शांत. डिचोली-साखळीकडे घर स्वस्त आणि मराठी वातावरण पक्कं, कामाला रोज पणजीला जायचं असेल तर मात्र आई-बाबा थकून घरी येतात, आणि थकलेल्या आई-बाबांचा हिशेबही यात धरायला हवा.

घर विकत घेण्याआधी एक पावसाळा भाड्याने राहा. ११ महिन्यांचा ॲग्रीमेंट जमल्यास मे अखेरीपासूनच करा म्हणजे पाऊस, शाळा, चवथ सगळं त्यात येतं, आणि पोलीस स्टेशनला भाडेकरूची नोंद घरमालकाकडून करून घ्या. शाळेची चौकशी मात्र जानेवारीच्या सुमारासच, कारण २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागलंय, मे महिन्यात येऊन ॲडमिशन बघू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

मावसबहिणीसाठी आम्ही कवळ्याच्या बाजूला दोन घरं बघून ठेवलीत. एकापासून शाळा ४०० मीटर, पण वळणावर भिंत आहे आणि मध्ये सगळा बंद बंगल्यांचा पट्टा. दुसऱ्यापासून ६०० मीटर, पण पूर्ण वाट फणसांच्या सावलीची आणि वाटेत नऊ घरं, त्यातल्या पाच घरांत दुपारी माणसं असतात, मी दोनदा जाऊन बघितलंय. तिला मी दुसरं घ्यायला सांगितलंय, आणि पहिला आठवडाभर सव्वा वाजता ऑफिसातून निघून तिच्या मुलाबरोबर मी स्वतः ती वाट चालणार आहे, प्रत्येक घरापाशी थांबत, हा कोणाचा ते सांगत.